पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणि फुकटचा फॉरवर्ड

मी लहान असताना आमच्या घरी एकदा एक पोस्टकार्ड आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. संतोषी मातेचा चमत्कार झाला आहे, हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत अशीच एकवीस पत्रं लिहून पाठवा, असा मजकूर. अमक्याने पाठवली, त्याला लॉटरी लागली. तमक्याने पत्र फाडलं, त्याच्या घरात माणूस दगावलं. आजी घाबरली. आईने हिशेब मांडला: पंधरा पैशांना एक कार्ड, म्हणजे एकवीस कार्डांचे तीन रुपये पंधरा पैसे. शिवाय तोच मजकूर एकवीस वेळा हाताने लिहायचा आणि एकवीस पत्ते शोधायचे. आजीची भीती पाचव्या पत्रापर्यंत टिकली. मग बोटं दुखायला लागली आणि देवी समजून घेईल असं ठरलं.

समाजमाध्यमांनी समाजाचं काय केलं, यावर मोठमोठ्या चर्चा होतात. माणसं एकलकोंडी झाली, मुलं बिघडली, लोकशाही धोक्यात आली. त्यातलं काही खरं असेल, पण मला त्या चर्चांपेक्षा आजीची दुखरी बोटं जास्त उपयोगी वाटतात. अफवा जुनीच आहे, भीतीही जुनी. बोटं दुखायची मात्र थांबली, आणि बाकीचं बरंचसं त्यातून आलं.

यावर कोणी म्हणेल, मग १९९५ चं काय? २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पोचली, देवळांपुढे चमचे आणि पेले घेऊन रांगा लागल्या. तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना फेसबुक. बरोबर आहे, अफवेला पाय तेव्हाही होते. पण ती फोनवरून गेली, एका माणसाकडून दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक फोनला एसटीडीचे पैसे पडत होते. शिवाय "तुला कोणी सांगितलं?" या प्रश्नाला उत्तर होतं: मावशीने, साडूने, शेजारच्या काकूंनी. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं आणि काही दिवसांत प्रकरण निवळलं. नुकसान झालं ते दुधाचं.

२०१८ मध्ये नुकसान दुधाचं नव्हतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात काही दिवसांपासून फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारून टाकलं. पाचही जण गेले.

डौर वाजवत गावोगाव हिंडणं हा या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. वासुदेव, पिंगळा, बहुरूपी, डवरी हे सगळे आपल्या गावांना सवयीचे परके. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की पसाभर धान्य घालायचं, ही रीत शेकडो वर्षांची. मोबाइलवरच्या काही संदेशांनी ती काही दिवसांत पुसली. त्याच दिवशी रात्री मालेगावातही लहान मुलासह आलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. तिथे स्थानिकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेत पोचले आणि जीव वाचले. अफवा तीच होती. मधे उभी राहणारी माणसं तिथे होती, राईनपाड्यात नव्हती किंवा कमी पडली.

त्या काळात फिरणाऱ्या एका व्हिडिओची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात. पाहून कोणाच्याही काळजाचं पाणी व्हावं. तो मुळात कराचीत तयार झालेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापले. मग बंगळूरपासून खानदेशापर्यंत तो "आपल्याच भागातला" झाला. खोट्या बातमीसाठी सगळं खोटं रचावं लागत नाही, खऱ्याचा शेवट कापला तरी काम होतं.

आता हे इतक्या वेगाने पसरतं कसं, ते पाहू. थोडं गणित आहे, पण सातवीच्या पलीकडचं नाही.

२०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असू शकत होते. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, कंपनीने भारतापुरता नियम केला, की एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. इतर देशांत ही मर्यादा वीसची ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. पाच म्हणजे पाच माणसं असं अनेकांना वाटतं. ती पाच ठिकाणं आहेत, आणि प्रत्येक ठिकाण २५६ जणांचा ग्रुप असू शकतं.

समजा संदेश वाचणाऱ्या शंभर जणांपैकी फक्त एकालाच तो पुढे पाठवावासा वाटतो. नव्याण्णव शहाणे, एक उतावळा. वीस ग्रुपांची मुभा असेल तर एका माणसाचा संदेश ५,१२० जणांपर्यंत जातो. त्यात उतावळे ५१. ते प्रत्येकी आणखी वीस ग्रुपांत टाकतात. अशा चार फेऱ्या झाल्या की उतावळ्यांची संख्या ५१ गुणिले ५१ गुणिले ५१ गुणिले ५१, म्हणजे ६७ लाखांच्या वर. मुभा पाच ग्रुपांची असेल तर एकाचे १,२८० वाचक, त्यात उतावळे १३, आणि चार फेऱ्यांनंतर २८,५६१. मुभा एकाच ग्रुपची असेल तर वाचक २५६, उतावळे जेमतेम अडीच, चार फेऱ्यांनंतर ३९.

सदुसष्ट लाख, अठ्ठावीस हजार, एकोणचाळीस. माणसं तीच, भीती तीच, शहाण्यांचं प्रमाणही तेच. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कमी असतात, कारण आपण सगळेच एकमेकांच्या ग्रुपांत असतो आणि तोच संदेश चार वेळा येतो (आमच्या घरच्या ग्रुपवर एक काका तर स्वतःचाच संदेश दुसऱ्या ग्रुपवरून परत आणतात). पण आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. साथीच्या रोगाचं गणित असंच चालतं: एक रोगी किती जणांना लागण देतो, यावर गावाचं भवितव्य ठरतं.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, व्हॉट्सॲपने आणखी आवळलं. पाच हातांतून गेलेला संदेश, ज्याच्यावर दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. अशा संदेशांची वाहतूक यानंतर सत्तर टक्क्यांनी घटली, असं कंपनीने सांगितलं. गंमत अशी, की हा नियम म्हणजे कुलूप नव्हे. एकदा पाठवा, पुन्हा उघडा, दुसऱ्याला पाठवा, तिसऱ्याला पाठवा, कोणी अडवत नाही. फक्त दर वेळी बोट पुन्हा दाबावं लागतं. म्हणजे कंपनीने काय केलं, तर आजीची दुखरी बोटं थोडीशी परत आणली, आणि तेवढ्याने सत्तर टक्के वाहतूक कंटाळली!

लगेच टाळ्या वाजवू नयेत. तो नियम आला ७ एप्रिलला आणि १६ एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदी, रात्रीच्या गस्ती, चोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या अफवा. पाड्यापाड्यांत अफवा तोंडीही चालते आणि तिला कुठलीही कंपनी लगाम घालू शकत नाही. शिवाय २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने एकीकडे फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ग्रुपला पाठवण्याचा नियम केला आणि दुसरीकडे ग्रुपची क्षमता २५६ वरून १,०२४ वर नेली. वरचं गणित पुन्हा करा: एक ग्रुप, १,०२४ वाचक, उतावळे दहा, चार फेऱ्यांनंतर दहा हजार. एकोणचाळीसवरून पुन्हा दहा हजार. याची बातमी "आता मोठे ग्रुप करता येणार" अशी आनंदाने छापून आली होती.

इथे एक रास्त शंका येते. व्हॉट्सॲपचे संदेश कुलूपबंद असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत असं सांगतात. मग एखादा संदेश पाच हातांतून गेला हे कळतं कसं? एप्रिल २०१६ पासून हे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात, किल्ली त्या दोन फोनांकडेच. पण त्या बंद पाकिटाच्या आतच एक छोटा मोजणी आकडा प्रवास करतो. तुम्ही फॉरवर्ड दाबलं की तुमचाच फोन तो आकडा एकाने वाढवतो. पोस्टमनला काही कळत नाही, पत्र स्वतःच मोजत जातं. मात्र मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

सरकारला हे पुरेसं वाटलं नाही. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत केंद्र सरकारने म्हटलं, की पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेश सेवांना, गंभीर गुन्ह्यांच्या तपासात आदेश आल्यास, तो संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला हे सांगता आलं पाहिजे. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला माणूस हाच मूळ धरायचा. त्यासाठी कुलूपबंद रचनाच मोडावी लागेल, असं म्हणत व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

पहिला माणूस सापडल्याने काय साधेल, हे मला नीट उमगलेलं नाही. कराचीचा व्हिडिओ भारतात पहिल्यांदा पाठवणारा कदाचित घाबरलेला एखादा बापच असेल. आणि नावं शोधायचा अधिकार कोणाच्या हातात जातो, हेही पाहिलं पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं विचारणारी फेसबुक पोस्ट पालघरच्या एका तरुणीने लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे ६६अ कलम तेव्हा गाजलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. राईनपाड्यात अफवा पसरवणारे आणि पालघरमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुली, माग काढणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने दोघेही "मूळ पाठवणारे"च.

इथपर्यंत आपण फक्त व्हॉट्सॲपबद्दल बोललो. तिथे काय पुढे जाईल हे माणसं ठरवतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांचं तसं नाही. तिथे मधे एक यंत्र बसलेलं आहे.

ते यंत्र समजून घ्यायचं तर लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवा. चांगला वाढपी विचारत बसत नाही, तो पानाकडे बघतो. जिलबी संपली, भाजी उरली? मग जिलबीचं ताट घेऊन पुन्हा हजर. तुम्ही "नको नको" म्हणता, पण हात आडवा घालत नाही, हे त्याला बरोबर दिसतं. समाजमाध्यमांवरचं यंत्र असंच आहे. तुम्ही काय आवडतं म्हणून सांगता याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. कुठल्या व्हिडिओवर तुमचा अंगठा दोन सेकंद जास्त थबकला, काय शेवटपर्यंत पाहिलंत, कशाखाली तावातावाने लिहिलंत, हे ते मोजतं आणि तेच वाढत राहतं. फरक एवढाच, की पंगतीचा वाढपी यजमानाचा माणूस असतो आणि पाहुणा आजारी पडू नये असं यजमानाला वाटतं. इथे यजमान जाहिरातदार आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पन्न जाहिरातींचं आहे. तुम्ही पानावर जितका वेळ बसाल तितकं तिचं बरं.

म्हणून उठायच्या जागा एकेक करून काढून टाकल्या गेल्या. पूर्वी पान संपलं की "पुढे" असं दाबावं लागायचं, आणि त्या क्षणी माणूस घड्याळाकडे बघायचा. २००६ च्या सुमारास न संपणारं पान आलं. ते रचणारा अझा रॅस्किन नंतर जाहीरपणे पस्तावला. पुढे व्हिडिओ आपोआप सुरू व्हायला लागले. आणि २०१७ मध्ये फेसबुकने आपल्या यंत्राला असं शिकवलं, की हसणं, रडणं, रागावणं यांपैकी कुठलीही भावना दाखवणारं चिन्ह म्हणजे पाच लाइक. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली, त्यातून हे उघड झालं. विचार वाईट नव्हता. नुसत्या लाइकपेक्षा भावना महत्त्वाची, असा काहीतरी. पण राग सगळ्यात स्वस्त. संताप आणणारी पोस्ट पाचपट वजनाने वर चढू लागली. २०२० मध्ये कंपनीने रागाच्या चिन्हाचं वजन शून्यावर आणलं.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्के जास्त निघाली. यंत्रचलित खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच राहिलं. म्हणजे पसरवणारी हाडामांसाची माणसंच होती. खोट्यात नवल असतं, आणि नवल सांगणाऱ्याकडे चार माणसं कान देतात. आपल्या आळीतही बातमी पहिल्यांदा सांगणाऱ्या बाईचा तोरा वेगळाच असायचा. तो तोरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन आणि रुग्णालयातली खाट यांसाठी लोकांनी अनोळखी लोकांना हाका मारल्या आणि अनोळखी लोकांनी रात्र-रात्र फोन करून त्या मिळवून दिल्या, ते याच माध्यमांवर. तेव्हा बोटं दुखत नव्हती, हे बरंच झालं. ज्याचं पत्र वर्तमानपत्राने कधी छापलं नसतं, त्याची तक्रार आज मंत्रालयापर्यंत जाते. म्हणून सगळेच अडथळे परत आणा, असं मी म्हणणार नाही. कुठला अडथळा, कुठे आणि कोणी घालायचा, एवढाच वाद आहे, आणि पुढची काही वर्षं तो चालणार.

त्यात एक नवीन गोष्ट मिसळली आहे. पोस्टकार्डाच्या काळात खोटं लिहायलाही कष्ट होते आणि पाठवायलाही. व्हॉट्सॲपने पाठवण्याचे कष्ट संपवले. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता रचण्याचेही संपवले आहेत. कराचीचा व्हिडिओ कापायला निदान तो व्हिडिओ कोणीतरी आधी बनवलेला असावा लागला. आता तुमच्या भाच्याच्या आवाजात "मामा, मी अडकलोय, पैसे पाठव" हे काही मिनिटांत बनतं. याची एक उपकथा मला जास्त भीतीदायक वाटते: खरा व्हिडिओ समोर आला तरी "ते एआयने बनवलंय" असं म्हणून हात झटकायची सोय झाली आहे.

जगभर अडथळे घालण्याचे प्रयोग चालू आहेत. ट्विटरने २०२० मध्ये एक साधी गोष्ट केली: लेख न उघडता पुढे पाठवायला गेलात तर "आधी वाचणार का?" असा प्रश्न दाखवला. लेख उघडून पाहण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीने सांगितलं. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली, १० डिसेंबर २०२५ पासून. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीशीर संमती हवी, अशी तरतूद आहे. घरातल्या एकाच फोनवर आजोबांच्या नावाचं खातं नातू चालवतो, तिथे ही खात्री कोण आणि कशी करणार, हे कागदावर सोपं दिसतं तेवढं नाही.

आणि एक प्रयोग सांगली जिल्ह्यात झाला. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती सुमारे तीन हजार. टाळेबंदीत शाळा फोनवर गेली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातला फोन सुटेना, अशी तक्रार होती. ग्रामसभेत ठराव झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. सुरुवातीला लोकांनी चेष्टा केली. मग शिक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीची माणसं दारोदार गेली. मुलं दप्तर घेऊन बसू लागली, मोठी माणसं ओट्यावर बोलू लागली. कायदा नाही, दंड नाही, कुठलं यंत्र नाही. साडेआठला दुसरा भोंगा होतो आणि फोन पुन्हा सुरू होतात.